वाचकांचे प्रश्न : ताऱ्यांमधल्या अवकाशात जीवनाचे घटक

खगोलविज्ञानावर आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बरीचशी या वेळी एकाच विषयाची आहेत. ताऱ्यांच्या मधल्या विरळ अवकाशात सापडणारे गुंतागुंतीचे रेणू आणि त्यांचा जीवसृष्टीशी असलेला संबंध हा तो विषय. म्हणून हे सदर पूर्णपणे त्यालाच दिले आहे. पत्रांचा मजकूर जागेअभावी थोडा संक्षिप्त केला आहे.

प्रश्न : अवकाशात साखर सापडली, अल्कोहोल सापडले, अशा बातम्या वर्तमानपत्रांत येतात. शेकडो प्रकाशवर्षे दूर असलेल्या ढगात कोणता रेणू आहे, हे तिथे न जाता कसे ठरवतात? वर्गात मुले विचारतात तेव्हा ‘वर्णपटावरून’ एवढेच सांगून माझे मलाच समाधान होत नाही.
— माध्यमिक शिक्षिका, फोंडा

उत्तर : आपले उत्तर बरोबरच आहे, ते थोडे पुढे न्यायला हवे. वायुरूपातला रेणू स्वतःभोवती फिरत असतो, परंतु वाटेल त्या वेगाने फिरण्याची मोकळीक त्याला नसते. पुंजयामिकीच्या, म्हणजे अणुरेणूंना लागू होणाऱ्या क्वांटम शास्त्राच्या, नियमांनुसार त्याला ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहता येते, आणि वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येताना त्या दोहोंतल्या फरकाएवढी ऊर्जा तो बहुधा मिलिमीटर किंवा सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओलहरीच्या रूपाने बाहेर टाकतो. या पातळ्या कुठे असतील, हे रेणूतल्या अणूंची वस्तुमाने आणि त्यांच्यामधली अंतरे यांवर ठरते. अशी ठरावीक वारंवारतेची लहर वर्णपटात रेषेसारखी दिसते, म्हणून प्रत्येक रेणूच्या रेषांचा संच त्याचा स्वतःचा असतो.

वर्गात सांगण्यासाठी कार्बन मोनॉक्साइडचे उदाहरण मला सर्वांत सोयीचे वाटते. त्याची पहिली रेषा ११५.२७१ गिगाहर्ट्झला येते. दुसरी त्याच्या दुपटीला आणि तिसरी तिपटीला यावी अशी अपेक्षा असते, म्हणजे अनुक्रमे २३०.५४२ आणि ३४५.८१३ला. प्रत्यक्षात त्या २३०.५३८ आणि ३४५.७९६ गिगाहर्ट्झला येतात. हा बारीकसा फरक मोजमापातली चूक नाही. रेणू अधिक वेगाने फिरू लागला की कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यामधला बंध किंचित ताणला जातो, आणि तो ताण या आकड्यांत उतरतो. साध्या कार्बनच्या जागी कार्बन-१३ बसवला, तर पहिली रेषा ११०.२०१ गिगाहर्ट्झवर सरकते. एका न्यूट्रॉनची भर पडल्याने एवढा बदल होतो आणि तो हजारो प्रकाशवर्षांवरून निःसंदिग्धपणे वाचता येतो, हे मुलांना फळ्यावर आकडे मांडूनच दाखवावे असे मी सुचवीन.

यात प्रयोगशाळेचा वाटा दुर्बिणीइतकाच मोठा असतो, पण बातम्यांत तो बहुधा येत नाही. कोणत्या रेणूच्या रेषा नेमक्या कुठे येतात, हे आधी पृथ्वीवर त्या रेणूचा वायू काचेच्या किंवा धातूच्या नळीत घेऊन मोजावे लागते. ते मोजमाप नसेल, तर दुर्बिणीला रेषा दिसूनही ती कोणाची हे सांगता येत नाही. शिवाय मेघ स्वतः आपल्या दृष्टिरेषेत हालत असतो. आकाशगंगेच्या केंद्राजवळचा ‘सॅजिटेरियस बी-२’ हा मेघ सेकंदाला साठाहून थोड्या अधिक किलोमीटर वेगाने आपल्यापासून दूर जातो, त्यामुळे कार्बन मोनॉक्साइडची पहिली रेषा तिथून येताना सुमारे २४ मेगाहर्ट्झने खाली सरकलेली असते. एकाच रेणूच्या सगळ्या रेषा त्याच वेगाच्या हिशेबाने सरकलेल्या आहेत की नाहीत, ही पुढची कसोटी ठरते.

इतिहास थोडक्यात सांगायचा तर, १९३७ ते १९४१ या काळात सीएच (कार्बन-हायड्रोजन), सीएन (कार्बन-नायट्रोजन) आणि सीएच-धन (धनभारित सीएच) हे साधे रेणू दृश्य प्रकाशात ओळखले गेले. रेडिओलहरींवरून हायड्रॉक्सिल १९६३मध्ये, अमोनिया १९६८मध्ये, पाणी आणि फॉर्माल्डिहाइड १९६९मध्ये, तर कार्बन मोनॉक्साइड १९७०मध्ये सापडला. आज ही यादी तीनशेच्या पुढे गेली आहे. सहा किंवा त्याहून अधिक अणूंच्या कार्बनयुक्त रेणूला या क्षेत्रात ‘गुंतागुंतीचा’ म्हणतात. रसायनशास्त्राच्या अभ्यासकाला ही मर्यादा फारच खालची वाटेल, परंतु त्या ठिकाणची परिस्थिती पाहता ती योग्यच आहे.

प्रश्न : ग्लायसिन हे सर्वांत साधे अमिनो आम्ल अवकाशात सापडले, असे मी वाचले होते. पुढे ते सापडले नाही, असेही वाचले. यातले खरे काय?
— एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही बातम्या खऱ्या होत्या आणि त्यांचा क्रमही तोच होता. या साऱ्या विषयात मला सर्वांत मोलाचे वाटणारे प्रकरण हेच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

ग्लायसिनमध्ये दहा अणू असतात : दोन कार्बन, पाच हायड्रोजन, दोन ऑक्सिजन आणि एक नायट्रोजन. २००३मध्ये एका संशोधकगटाने सॅजिटेरियस बी-२, मृग नक्षत्रातला मेघ आणि डब्ल्यू-५१ या तीन ठिकाणी मिळून ग्लायसिनच्या २७ रेषा सापडल्याचे प्रसिद्ध केले. सत्तावीस हा आकडा ऐकताना भरपूर वाटतो. २००५मध्ये दुसऱ्या गटाने तोच दावा रेषेगणिक तपासला. त्यांचा प्रश्न साधा होता : या सत्तावीस रेषा जर खरोखरच ग्लायसिनच्या असतील, तर त्याच तापमानाला आणि त्याच प्रमाणात ग्लायसिनच्या आणखी कोणत्या रेषा तितक्याच किंवा अधिक ठळक दिसायला हव्यात? अशा ज्या निर्णायक रेषा दिसणे भागच होते, त्या जागच्या जागी सापडल्या नाहीत. त्यामुळे दावा टिकला नाही.

असे का होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. सॅजिटेरियस बी-२च्या वर्णपटात रेषांची इतकी दाटी आहे, की जवळपास कोणत्याही वारंवारतेला बोट ठेवले तरी तिथे कोणत्या तरी रेणूची रेषा निघतेच. शुक्रवारी भरबाजारात आपल्याला दुरून ओळखीचा आवाज आल्याचा भास व्हावा, तसे इथे एखाद-दुसऱ्या रेषेच्या जुळण्याने होते. म्हणून जुळलेल्या रेषांच्या संख्येपेक्षा न सापडलेल्या रेषांना अधिक वजन द्यावे लागते. वारंवारता प्रयोगशाळेत काटेकोर मोजलेली असावी, सर्व रेषांचा वेग एकच यावा, त्यांची परस्पर तीव्रता एकाच तापमानाशी जुळावी, रेषा दुसऱ्या रेणूच्या रेषेत मिसळलेली नसावी, आणि अपेक्षित रेषांपैकी एकही अकारण गैरहजर नसावी. या अटी पुऱ्या केल्यावरच शोध मान्य होतो.

मोठ्या रेणूंची आणखी एक अडचण आहे. लहान रेणूची सारी ऊर्जा मोजक्या पातळ्यांवर एकवटलेली असते, म्हणून त्याच्या रेषा थोड्या आणि ठसठशीत असतात. मोठ्या रेणूला उपलब्ध पातळ्या हजारोंनी असतात, त्यामुळे तेवढेच रेणू असूनही प्रत्येक रेषा क्षीण होते. त्यातून ग्लायसिनच्या सर्वांत स्थिर रूपाचा विद्युत द्विध्रुव (रेणूच्या दोन टोकांच्या विद्युतभारांतला फरक, ज्यामुळे तो रेडिओलहरी टाकू शकतो) कमकुवत आहे, म्हणजे ते आधीच हळू बोलणारे आहे.

ताऱ्यांमधल्या अवकाशात ग्लायसिनचा मान्य शोध अद्याप लागलेला नाही. त्याचा निकटचा पूर्वज मानता येईल असे ॲमिनोॲसिटोनायट्राइल मात्र २००८मध्ये सॅजिटेरियस बी-२मध्ये सापडले. पाण्याशी त्याची अभिक्रिया घडवली, तर ग्लायसिन मिळू शकते. आपल्या सूर्यमालेत चित्र वेगळे आहे. ‘स्टारडस्ट’ यानाने वाइल्ड-२ या धूमकेतूजवळून आणलेल्या धुळीत २००९मध्ये ग्लायसिन असल्याचे जाहीर झाले, आणि ६७-पी या धूमकेतूभोवती फिरणाऱ्या ‘रोझेटा’ यानाच्या उपकरणाने ते थेट तिथेच मोजल्याचे २०१६मध्ये प्रसिद्ध झाले. धूमकेतूत ते आहे, तर ज्या मेघातून सूर्यमाला घडली तशा मेघातही ते थोड्या प्रमाणात असावे, हा तर्क मला सबळ वाटतो. तर्क सबळ असला तरी तो शोधाची जागा घेत नाही.

प्रश्न : ज्या ढगांत तापमान उणे २६० अंशांच्या आसपास असते आणि जे आपल्या प्रयोगशाळेतल्या निर्वातापेक्षाही विरळ असतात, तिथे रासायनिक क्रिया होतातच कशा?
— उच्च माध्यमिक विद्यार्थी, डिचोली

उत्तर : प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवणारा आहे. आपण ज्या हवेत श्वास घेतो, तिच्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २.५ × १०^१९ रेणू असतात. या मेघांच्या दाट गाभ्यात तेवढ्याच जागेत दहा हजार ते दहा लाख रेणू असतात. तापमान १० केल्विनच्या, म्हणजे उणे २६३ अंश सेल्सिअसच्या, आसपास असते. पाठ्यपुस्तकातल्या बहुतेक अभिक्रिया तिथे चालणारच नाहीत, कारण त्यांना लागणारी प्रारंभिक ऊर्जा मिळत नाही.

यातून निसर्गाने दोन वाटा काढल्या आहेत. पहिली विद्युतभारित कणांची आहे. विश्वकिरण, म्हणजे अवकाशातून येणारे अतिवेगवान कण, मेघात खोलवर शिरून हायड्रोजनचे आयन (विद्युतभारित कण) तयार करतात, आणि आयन व रेणू यांच्या अनेक अभिक्रियांना प्रारंभिक ऊर्जेची गरजच नसते. दुसरी वाट धुळीची आहे. मेघातले धूलिकण मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढे असतात आणि त्यांच्यावर पाणी, कार्बन मोनॉक्साइड, कार्बन डायऑक्साइड, मिथेन, अमोनिया यांच्या बर्फाचे पातळ आवरण साचते. हायड्रोजनचा अणू इतका हलका असतो की एवढ्या थंडीतही तो बर्फावर इकडून तिकडे सरकतो. वाटेत कार्बन मोनॉक्साइड भेटला, की एकेक हायड्रोजन जोडला जाऊन प्रथम फॉर्माल्डिहाइड आणि मग मिथेनॉल तयार होते. ही साखळी प्रयोगशाळेतही पडताळली गेली आहे.

पुढे मेघाच्या पोटात तारा जन्माला येऊ लागला, की आसपासचा बर्फ तापतो. बर्फातले रेणूंचे जडसे तुकडेही हालू लागतात, जोडले जातात, आणि तापमान १०० केल्विनच्या आसपास गेले की बर्फ वायू होऊन सारा साठा मेघात मोकळा होतो. वृश्चिकेतल्या ज्येष्ठा ताऱ्यापासून आकाशात दोन अंशांवर, भुजंगधारी तारकासमूहातल्या एका बालताऱ्याभोवती, ग्लायकोलाल्डिहाइड हा शर्करेचा सर्वांत साधा आप्त २०१२मध्ये चिलीतल्या ‘अल्मा’ या रेडिओदुर्बिणीने अशाच तप्त वायूत पाहिला. तो तारा पुढे सूर्यासारखा होणारा आहे आणि तो वायू त्याच्यापासून ज्या अंतरावर आहे, त्या अंतरावर पुढे ग्रह तयार होऊ शकतात. २००२मध्ये दोन स्वतंत्र गटांनी प्रयोगशाळेत असाच बर्फ बनवून त्यावर अतिनील किरण सोडले आणि मागे उरलेल्या थरात अमिनो आम्ले मिळवली. तुला पुढे रसायनशास्त्र घ्यायचे असेल, तर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेतही अशा अतिशीत बर्फांवर काम चालते, एवढे नोंदवून ठेव.

प्रश्न : अवकाशात मद्यार्क आणि व्हिनेगरही आहे म्हणतात. आमच्या फेणीत आणि शिरक्यात असतात तेच का हे पदार्थ?
— एक गृहिणी, मडगाव

उत्तर : होय, रेणू तेच. इथेनॉल १९७५मध्ये सॅजिटेरियस बी-२मध्ये सापडले आणि ॲसिटिक आम्ल १९९७मध्ये तिथेच. माडाच्या सुरेचा शिरका होताना इथेनॉलचे ॲसिटिक आम्ल जिवाणू करतात, मेघात मात्र जिवाणूंचा काही संबंध नसतो. यातली खरी लक्षणीय गोष्ट अशी, की ॲसिटिक आम्ल, मिथाइल फॉर्मेट आणि वर उल्लेखलेले ग्लायकोलाल्डिहाइड या तिघांतले अणू सारखेच आहेत : दोन कार्बन, चार हायड्रोजन, दोन ऑक्सिजन. मेघात मिथाइल फॉर्मेट भरपूर आहे आणि उरलेली दोन त्या मानाने फारच कमी आहेत. सर्वांत स्थिर असलेले ॲसिटिक आम्ल सर्वांत जास्त हवे होते, तसे ते नाही. रेणू कोणत्या वाटेने घडतो, यावर तिथे त्याचे प्रमाण ठरते, याचा हा चांगला पुरावा आहे.

प्रश्न : हे मेघ गोव्यातून दिसतात का? आणि अशी दुर्बीण आपल्याकडे किनारपट्टीवर का उभारत नाहीत?
— एक वाचक, काणकोण

उत्तर : मेघ ज्या दिशेला आहेत ती दिशा नक्की दिसते. सॅजिटेरियस बी-२ धनू राशीत, सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे. गोव्यातून तो भाग दक्षिणेला क्षितिजापासून साधारण ४५ अंश वर येतो. दुर्दैवाने तो रात्रभर चांगला दिसण्याचे दिवस नेमके आपल्या पावसाचे असतात. म्हणून मे महिन्यात मध्यरात्रीनंतर, किंवा चतुर्थीनंतर पाऊस ओसरला की ऑक्टोबरात तिन्हीसांजा झाल्यावर नैर्ऋत्येला पाहावे. बेंझोनायट्राइल हा कार्बनच्या वलयाचा रेणू (२०१८) आणि पायरीन या चार वलयांच्या रेणूचे सायनोयुक्त, म्हणजे कार्बन-नायट्रोजनची जोडी लागलेले, रूप (२०२४) जिथे सापडले, तो वृषभेतला काळोखा मेघ रोहिणीच्या उत्तरेला आहे आणि डिसेंबर-जानेवारीत रात्री तो डोक्यावर असतो. डोळ्यांना तिथे काहीच दिसणार नाही. त्याची धूळ मागच्या ताऱ्यांचा प्रकाश अडवते, एवढेच.

दुर्बिणीचे म्हणाल, तर हवेतली पाण्याची वाफ मिलिमीटर लहरी शोषून घेते. किनाऱ्यावरची दमट हवा त्यासाठी सर्वांत वाईट. म्हणूनच ‘अल्मा’च्या ६६ अँटेना चिलीतल्या आटाकामा वाळवंटात ५००० मीटर उंचीवर उभ्या केल्या आहेत. नारायणगावजवळ खोडद येथील आपल्या महाकाय मीटरतरंग दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना लांब तरंगांसाठी आहेत. त्यांना वाफेचा अडथळा होत नाही, पण बहुतेक रेणूंच्या रेषा त्यांच्या कक्षेबाहेर पडतात. हायड्रॉक्सिलची १६६७ मेगाहर्ट्झची रेषासुद्धा थोडक्यात बाहेर राहते. अतिदूरच्या दीर्घिकांमधून येताना विश्वाच्या प्रसरणामुळे ती खाली सरकते, तेव्हा मात्र ती या दुर्बिणीच्या पट्ट्यात येते, आणि तशा रेषा तिथे टिपल्याही गेल्या आहेत.

प्रश्न : डॉ. जयंत नारळीकरांनी फुग्यांतून वरच्या हवेत जिवाणू शोधले होते. रेणूंच्या शोधामुळे त्यांच्या म्हणण्याला पाठबळ मिळते का?
— निवृत्त मुख्याध्यापक, साखळी

उत्तर : हे दोन प्रश्न वेगळे ठेवले पाहिजेत. जीवसृष्टीची बीजे अवकाशातून आली, हा खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचा विचार होता, आणि आंतरतारकीय धूळ म्हणजे वाळलेले जिवाणूच असावेत इथपर्यंत त्यांनी तो नेला. धुळीबद्दलचे ते मत खगोलशास्त्रज्ञांनी स्वीकारले नाही, कारण धुळीच्या वर्णपटातला जो पट्टा त्यांनी आधार मानला, तो निर्जीव कार्बनी पदार्थांनीही समजावता येतो. नारळीकरांचे वैशिष्ट्य असे, की त्यांनी हा वाद तपासता येईल अशा प्रयोगावर आणला. २००१ आणि २००५मध्ये हैदराबादहून सोडलेल्या फुग्यांनी ४१ किलोमीटरपर्यंतच्या उंचीवरची हवा निर्जंतुक नळ्यांत गोळा केली. दुसऱ्या प्रयोगात जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांतल्या तीन जिवाणूंच्या जाती नव्या निघाल्या आणि एकीला हॉइल यांचे नाव देण्यात आले. हे सूक्ष्मजीव पृथ्वीबाहेरून आले, असे या प्रयोगातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही, हे निष्कर्ष जाहीर करतानाच स्पष्ट केले होते. तो संयम मला त्या प्रयोगाइतकाच आदरणीय वाटतो.

मेघांत रेणू सापडले, म्हणून जिवाणू आले असे होत नाही. एखाद्या ठिकाणी फॉर्मामाइड (१९७१), युरिया (२०१९) किंवा पेशीपटलातल्या मेदरेणूंचा एक भाग असलेले इथेनॉलॲमिन (२०२१) आहे, याचा अर्थ जीवनाला लागणारे काही तुकडे जीवनाशिवायही बनतात, एवढाच. मला तर हाच अर्थ अधिक मोठा वाटतो. ज्या रसायनासाठी आपण पृथ्वीवरच्या एखाद्या उबदार डबक्याची कल्पना करत होतो, त्यातले बरेचसे पृथ्वी जन्मण्याआधीच तयार होते, असे त्यातून दिसते.

प्रश्न : सजीवांच्या प्रथिनांत फक्त डावी अमिनो आम्ले असतात, हे औषधनिर्माणशास्त्र शिकताना कळले. ही निवड अवकाशातच झाली असेल का?
— एक फार्मसिस्ट, केपे

उत्तर : इतर वाचकांसाठी आधी थोडे स्पष्टीकरण. काही रेणू आणि त्यांची आरशातली प्रतिमा एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. अशा जोडीतला एक डावा, दुसरा उजवा. साध्या रासायनिक क्रियेत दोन्ही निम्मे-निम्मे तयार होतात, सजीव मात्र अमिनो आम्लांत डावे आणि शर्करांत उजवे वापरतात.

ताऱ्यांमधल्या अवकाशात असा हस्तभेद असलेला पहिला रेणू २०१६मध्ये सापडला : प्रॉपिलीन ऑक्साइड, तोही सॅजिटेरियस बी-२मध्येच. अडचण अशी, की डाव्या आणि उजव्या रूपांच्या फिरण्याच्या रेषा एकाच जागी येतात, त्यामुळे कोणते रूप अधिक आहे हे त्या निरीक्षणातून कळत नाही. ते पाहण्यासाठी वर्तुळ-ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे ज्याची कंपने गोल फिरत पुढे जातात अशा प्रकाशाचे, अत्यंत नाजूक मोजमाप लागेल.

म्हणून या प्रश्नाचा पुरावा आपल्याला दगडांत शोधावा लागतो. ऑस्ट्रेलियातल्या मर्चिसन गावी २८ सप्टेंबर १९६९ रोजी अशनी पडला. त्यात सत्तरहून अधिक अमिनो आम्ले मिळाली, ज्यांतली बहुतेक सजीवांच्या प्रथिनांत वापरलीच जात नाहीत, आणि ती बाहेरचीच असल्याचा हा मोठा पुरावा ठरतो. १९९७मध्ये त्यांतल्या काहींत, सजीवांत न आढळणाऱ्या प्रकारांतसुद्धा, डाव्या रूपाचे थोडे आधिक्य मोजले गेले. अनेकांना वाटले, उत्तर सापडले. पुढे ‘ओसायरिस-रेक्स’ यानाने बेन्नू या लघुग्रहावरून १२१.६ ग्रॅम माती सप्टेंबर २०२३मध्ये पृथ्वीवर आणली. जानेवारी २०२५मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४ आणि डीएनए-आरएनएमधले पाचही क्षारक (आनुवंशिक संदेशाची अक्षरे ठरणारे रेणू) मिळाले. पण त्या अमिनो आम्लांत डावे-उजवे जवळपास समसमान होते. अशनी जमिनीवर पडल्यावर त्याला मातीचा आणि हवेचा संसर्ग होतो, बेन्नूची माती मात्र बंद डब्यातून आली, त्यामुळे तिच्या साक्षीला अधिक वजन द्यावे लागते. तरीही सजीवांत नसलेल्या अमिनो आम्लांतले मर्चिसनचे आधिक्य संसर्गाने समजावता येत नाही.

म्हणजे दोन लघुग्रहांच्या पोटात वेगवेगळे घडले असण्याची शक्यता आहे. मर्चिसनचा मूळ पिंड पाण्यात किती काळ भिजला आणि बेन्नूचा किती, यावर त्या आधिक्याची वाढ अवलंबून असावी, असे काही संशोधक मानतात. जपानच्या ‘हायाबुसा-२’ने रियुगू लघुग्रहावरून २०२०मध्ये आणलेल्या मातीतही अमिनो आम्ले आहेत आणि २०२३मध्ये त्यात युरॅसिल हा त्या पाच क्षारकांपैकी एक सापडल्याचे जाहीर झाले. त्या मातीचा काही भाग पुढच्या अधिक संवेदनशील उपकरणांसाठी राखून ठेवलेला आहे, आणि बेन्नूच्या मातीचा तर बहुतांश भाग तसा राखलेला आहे.